सिग्नल मोठ्याने बोला

जबलपूरहून इटारसीकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनात दोन माणसं असतात, लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट. दोघांसमोर तीच काच आणि तेच रूळ. लांबवर सिग्नल दिसला की एक जण मोठ्याने सांगतो, ‘डबल यलो!’ दुसरा तेच पुन्हा उच्चारतो. पुढचा सिग्नल आला की पुन्हा तसंच. वाटभर हे चालू राहतं. तिऱ्हाइताला वाटेल, दोघांनाही धडधडीत दिसतंय ते एकमेकांना ओरडून सांगण्यात काय हशील? पण ही त्यांची हौस नाही. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत 3.83 क्रमांकाचा नियम आहे. सिग्नल दिसू लागताच दोघांनीही तो ओळखायचा आणि एकमेकांना बोलून दाखवायचा, असं तो बजावतो.

माणसाच्या लक्षाबद्दल इतकं रोखठोक विधान फार थोड्या ठिकाणी सापडेल. डोळ्यांना दिसणं वेगळं आणि मनाने त्याची दखल घेणं वेगळं, हे हा नियम गृहीत धरतो. मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली ती फार नंतर. 1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी काही लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली आणि त्यातले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत आली, छाती बडवून निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, पण मन मोजण्यात गुंतलं होतं. लाल सिग्नलच्या बाबतीत असं झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आपण मात्र लक्षाकडे स्वभावाचा किंवा संस्कारांचा भाग म्हणून पाहतो. ‘मन लावून अभ्यास कर’, ‘जरा लक्ष दे की’, ‘एवढंसं काम, तेही धड होत नाही?’ ही वाक्यं प्रत्येक मराठी घरात रोज ऐकू येतात. ज्याचं लक्ष उडतं तो आळशी, नाहीतर बेशिस्त. आणि उपाय एकच: निर्धार. सकाळी उठून ठरवायचं, आज फोनला हात लावायचा नाही. अकरा वाजेपर्यंत शाळेच्या ग्रुपवर सहलीच्या पैशांची सूचना येते, बँकेचा ओटीपी येतो, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटतं, आणि निर्धार कुठल्या कुठे जातो. मग दिवसभर स्वतःलाच दोष.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (अर्व्हाइन) ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. 2004 मध्ये एका पडद्यावर माणसाचं लक्ष सरासरी अडीच मिनिटं टिकत होतं. 2012 मध्ये ते 75 सेकंदांवर आलं आणि अलीकडच्या मोजणीत 47 सेकंदांवर. कामात व्यत्यय आला की मूळ कामाकडे परतायला सरासरी 23 मिनिटांच्या आसपास लागतात, कारण मधल्या वेळात माणूस आणखी एखाद-दुसरं काम हाती घेतो. त्यांच्या निरीक्षणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. जवळजवळ निम्मे व्यत्यय बाहेरून येतच नाहीत. कुणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो, माणूस आपणहून काम सोडून दुसरीकडे वळतो. फोन बंद केला की प्रश्न संपला असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

म्हणजे चोर घरातलाच. मग मनालाच वळण लावलं तर? हा विचार जबलपूरला नवा नाही. किंबहुना विसाव्या शतकात जगाला ध्यानाची गोडी लावणाऱ्या दोन सर्वांत गाजलेल्या माणसांचे धागे याच एका शहरात येऊन मिळतात, आणि हा योगायोग जबलपूरबाहेर फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यातले पहिले महेश प्रसाद वर्मा. अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या या तरुणाने जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत काही काळ नोकरी केली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. 1904 साली सुरू झालेला हा कारखाना तोफांचे गाडे बनवणारा. पुढे ते ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य झाले आणि जगाला महर्षी महेश योगी म्हणून माहीत झाले. डोळे मिटून, सकाळ-संध्याकाळ सुमारे वीस मिनिटं, मनातल्या मनात एक मंत्र घोळवायचा, ही त्यांची भावातीत ध्यानाची पद्धत. 1968 मध्ये बीटल्स ती शिकायला ऋषिकेशला आले आणि तिचं नाव जगभर झालं. दुसरे चंद्रमोहन जैन, म्हणजे आचार्य रजनीश, नंतरचे ओशो. जबलपूरच्याच कॉलेजांत ते शिकले आणि 1966 पर्यंत तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. 21 मार्च 1953 रोजी शहरातल्या भंवरताल बागेत, एका बकुळीच्या झाडाखाली आपल्याला बोध झाला, असं ते सांगत. आजही लोक ते झाड पाहायला जातात. 1974 पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कशी त्यांचं नाव कसं जोडलं गेलं, ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

दोघांचं निदान मात्र परस्परविरुद्ध होतं. महेश योगींचं म्हणणं, मनाचा ओढा मुळातच शांततेकडे असतो, त्याला फक्त वाट करून द्या, जबरदस्ती नको. रजनीशांचं म्हणणं, आजच्या माणसाला नुसतं बसवलं तर त्याच्या आत इतका गोंधळ साठलेला असतो की तो बसूच शकणार नाही, त्याने आधी तो बाहेर काढला पाहिजे. म्हणून 1970 मध्ये त्यांनी सक्रिय ध्यान आणलं: जोरजोराने श्वास, मग रडणं-ओरडणं-नाचणं, आणि त्यानंतर स्तब्धता. या दोन्ही संस्थांच्या पैशांबद्दल आणि त्यांच्याभोवतीच्या वादांबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा प्रश्न एवढाच की ध्यानाने लक्ष सुधारतं का? रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी 1970 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भावातीत ध्यान करणाऱ्यांच्या शरीरात होणारे बदल नोंदवले. ऑक्सिजनचा वापर कमी होतो, हृदयाची गती मंदावते, असं त्यात होतं. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी त्यातून धर्म आणि गुरू वगळून 1975 मध्ये साध्या विश्रांतीची एक पद्धत मांडली. ताण उतरतो, यात फारशी शंका उरलेली नाही. लक्षाचं काय, हे मात्र तितकं साफ नाही. 2014 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 47 चाचण्या आणि 3,515 माणसांवरचे निष्कर्ष एकत्र तपासले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर सजगतेच्या ध्यानाचा फायदा होतो, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. लक्ष सुधारतं असं म्हणायला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात दोन आठवड्यांच्या सरावाने विद्यार्थ्यांचं भरकटणं कमी झालेलं दिसलं होतं. म्हणजे दार अगदी बंद नाही. पण ‘ध्यान करा, लक्ष लागेल’ हे जितक्या सहजपणे सांगितलं जातं, तितकं ते सिद्ध झालेलं नाही. ज्याला ध्यान आवडतं त्याने जरूर करावं. कामाच्या टेबलावर टिकून बसण्यासाठी त्यावर विसंबू नये, असं माझं मत.

याच शहरात लक्षाची दुसरी शाळाही आहे. तिला गुरू नाही, आश्रम नाही, परदेशी शिष्य नाहीत. ती रेल्वे स्थानकात भरते.

अलाहाबादहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईहून घाट चढून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या दोन्ही मार्गांची गाठ जबलपूरला पडली आणि मार्च 1870 मध्ये मुंबई ते कलकत्ता असा रूळमार्ग पहिल्यांदा अखंड झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. दोन कंपन्या जिथे भेटतात तिथे गाडी एका हातातून दुसऱ्या हातात सोपवावी लागते, आणि चुका नेमक्या सोपवतानाच होतात. आज पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपूरला आहे, 1 एप्रिल 2003 पासून. महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीला गेलेल्या मुंबईकराला हे स्थानक चांगलं आठवत असेल. चहा प्यायला आपण खाली उतरतो तेव्हा पुढे इंजिनाकडे एक क्रू उतरत असतो आणि दुसरा चढत असतो.

या दीडशे वर्षांत रेल्वेने माणसाच्या लक्षाबद्दल जे काही शोधलं, त्याची किंमत तिने अपघातांनी मोजली आहे. त्यामुळे त्यात भाबडेपणा नाही. रेल्वे कर्मचाऱ्याला ‘मन लावून काम कर’ असं सांगून थांबत नाही. तिने धरूनच चाललेलं असतं की मन उडणार. ते उडाल्यावर काय होईल, एवढ्याचीच ती व्यवस्था करते.

सिग्नल बोलण्याचंच घ्या. जपानमध्ये याचं आणखी पक्कं रूप झालं. मेइजी काळाच्या अखेरीस कोबे इथे यासोइची होरी नावाचा एक इंजिनचालक होता. त्याची दृष्टी अधू होत चालली होती, म्हणून सिग्नलचा रंग तो आपल्या फायरमनला मोठ्याने सांगून खात्री करून घेऊ लागला. त्यातून पुढे बोट दाखवून बोलण्याची पद्धत रुजली. चालक हात लांब करून सिग्नलकडे बोट दाखवतो, त्याचं नाव घेतो, रंग सांगतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते हास्यास्पद वाटतं. 1994 मध्ये जपानच्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने एका सोप्या कामात हे मोजून पाहिलं. काहीही न करता दर शंभर कृतींमागे 2.38 चुका होत होत्या. बोट दाखवून आणि बोलून त्या 0.38 वर आल्या. जवळजवळ 85 टक्के घट, आणि खर्च शून्य.

हे का घडतं ते समजायला अवघड नाही. नुसतं पाहणं हे नजरेचं काम, आणि नजर सवयीने पुढे सरकते. बोलायचं म्हटलं की शब्द निवडावा लागतो, ‘यलो’ की ‘डबल यलो’, आणि निवडण्यासाठी खरोखर पाहावं लागतं. मग तोच शब्द आपल्या कानांवर पडतो आणि चूक असेल तर खटकतो. शेजारी असिस्टंट असेल तर त्याच्याही कानाला खटकतो. एकाच गोष्टीची डोळा, जीभ, हात आणि कान अशी चौघांकडून तपासणी होते. बँकेत नोटा ओठांनी पुटपुटत मोजणारा जुना कॅशियर, औषध देण्यापूर्वी रुग्णाचं नाव आणि गोळीचं नाव मोठ्याने वाचणारी परिचारिका, ही याच शाळेतली माणसं. घरातून निघताना ‘गॅस बंद, गीझर बंद, चाव्या घेतल्या’ असं बोट दाखवत बोलून पाहा. जिन्यातून परत वर धावण्याची वेळ कमी येईल. घरची मंडळी हसतील, त्याला इलाज नाही.

मला त्याहून जास्त आवडते ती ‘प्रायव्हेट नंबर’ची पद्धत. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करून विचारतो, फाटक बंद केलं का? दिवसातून पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर जिभेवर तयारच असतं: हो साहेब, बंद आहे. नेमकं हेच धोक्याचं. म्हणून फाटकवाल्याजवळ एक छापील कागद असतो, त्यावर दोन आकडी संख्या कशाही क्रमाने लिहिलेल्या. फाटक बंद करून झालं की त्यातली पुढची संख्या तो मास्तरला सांगतो. मास्तर ती लिहून घेतो. वापरलेली संख्या खोडायची, पुन्हा वापरायची नाही. या पद्धतीचा मूळ हेतू पुरावा राहावा हा. पण तिचा दुसरा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. ही संख्या कुणाला पाठ असू शकत नाही. ती सांगायची तर कागदाकडे पाहावंच लागतं, आणि त्या क्षणापुरतं तरी सवयीचं बोलणं थांबतं. आपल्या मोबाइलवर ‘मी अटी वाचल्या आहेत’ या चौकटीत टिचकी मारताना आपण काय करतो ते आठवा. तिथे असा एखादा प्रायव्हेट नंबर हवा होता.

एकेरी मार्गावरची जुनी टोकन पद्धत म्हणजे तर डोक्यातलं ओझं हातात देण्याचीच युक्ती. पुढच्या स्टेशनपर्यंत वाट मोकळी आहे, हे चालकाने लक्षात ठेवायचं नाही. त्याच्या हातात एक धातूचा गोळा ठेवला जातो, त्यावर त्या पट्ट्याचं नाव कोरलेलं असतं. दोन स्टेशनांतली यंत्रं एकमेकांशी अशी जोडलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो. गोळा हातात असेल तर जा, नसेल तर थांब. आठवणीचा प्रश्नच नाही. याच्या बरोबरीने चालकाला कॉशन ऑर्डर मिळते. कुठल्या किलोमीटरवर काम चालू आहे, कुठे वेग किती ठेवायचा, सारं लेखी. आणि नव्या मार्गावर गाडी चालवण्याआधी त्याला तो मार्ग शिकून घ्यावा लागतो. तीन महिन्यांहून जास्त काळ त्या मार्गावर काम केलं नसेल तर पुन्हा शिकावा लागतो.

यामागचं कारण मेंदूच्या मर्यादेत आहे. 1956 मध्ये जॉर्ज मिलर यांनी असं मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो. 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी ती संख्या चारावर आणली. चार! गृहिणीच्या डोक्यात सकाळी साडेसातला किती गोष्टी असतात ते तिलाच विचारा: डबा, दूध, मुलाची वही, कामवाल्या बाईंची रजा, सासऱ्यांची गोळी, गॅसवरची भाजी. यादी भिंतीवर लिहिली तर तिला कुणी विसराळू म्हणू नये. ती रेल्वेच्या शहाणपणाने वागते आहे. कुकरची शिट्टी हेही एक टोकनच आहे. मिनिटं मोजायचं काम तिने आपल्या डोक्यातून काढून घेतलं.

आता या शाळेतली फट. इंजिनात व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं. चालकाने सुमारे 60 सेकंद कुठलीच हालचाल केली नाही, म्हणजे वेग बदलला नाही, ब्रेक लावला नाही, हॉर्न दिला नाही, तर दिवा लुकलुकतो. तरी काही झालं नाही तर बझर वाजतो. त्यालाही उत्तर मिळालं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. उपाय चोख वाटतो, पण माणूस फार चिवट आहे. बटण दाबणं हाच एकदा सराव झाला की हात आपोआप बटणाकडे जातो, मन कुठेही असो. ब्रिटिश रेल्वेतही इंजिनात वाजणारी धोक्याची सूचना चालक सवयीने रद्द करून पुढे जातात, हा अनुभव चौकशांमधून पुढे आलेला आहे. आपल्या फोनवरच्या सूचना आपण अंगठ्याने बाजूला सारतो त्या अशाच. सूचना जितकी जास्त वेळा येते, तितका तिचा अर्थ कमी होतो. म्हणून काम महत्त्वाचं असेल तर आठवण करून देणारे गजर वाढवण्यापेक्षा कमी करणं फायद्याचं. दिवसाला तीसदा वाजणारा गजर कुणी ऐकत नाही.

आणि लक्ष किती वेळ टिकतं यालाही मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर पहारा करणाऱ्यांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा निसटत होत्या, म्हणून केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांना हे तपासायला सांगण्यात आलं. त्यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा एकेक पाऊल उडी मारत फिरे आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारे. ती दुप्पट उडी टिपायची, दोन तास. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागत. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली की घसरण थांबे. हे तरुण सैनिक होते. दहावीतल्या मुलाला तीन तास मान वर न करता बसवणाऱ्या आईबापांनी मॅकवर्थचं नाव लक्षात ठेवावं.

फोनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. गाडी चालवताना लोको पायलटने स्वतःचा मोबाइल बंद ठेवायचा असतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात काडेपेटीप्रमाणे फोनही फाटकावरच ठेवून आत जायचं असतं. जबलपूरच्या हजारो कुटुंबांना ही सवय आहे, आठ तास आपला माणूस फोनवर सापडणार नाही हे तिथे कुणाला आक्रीत वाटत नाही. 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड यांनी असं दाखवलं होतं की फोन बंद असला, पण टेबलावर समोर असला तरी बुद्धीच्या चाचणीत माणूस थोडा मागे पडतो. फोन दुसऱ्या खोलीत असेल तर गुण सर्वांत चांगले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम तसाच दिसला नाही, हेही खरं. पण वाद फोन समोर ठेवल्याने नुकसान किती याबद्दल आहे. समोर ठेवल्याने फायदा होतो, असं म्हणणारा अजून कुणी भेटलेला नाही.

मघाशी म्हटलं, निम्मे व्यत्यय आपले आपणच आणतो. त्यामागे बऱ्याचदा अर्धवट सोडलेलं काम असतं. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा काही अंश पहिल्या कामाला चिकटून राहतो, विशेषतः ते अपुरं राहिलं असेल तर. पुढे त्यांनीच थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत त्यावर उतारा शोधला. काम सोडण्यापूर्वी मिनिटभर थांबून लिहायचं, कुठपर्यंत आलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट काय करायची. एवढ्यानेही मन मोकळं होतं. हे वाचताना मला स्टेशन मास्तरची डायरी आठवली. पाळी संपताना तो लिहितो, कुठली गाडी कुठे उभी आहे, काय बिघडलं आहे, पुढच्या माणसाने कशाकडे लक्ष ठेवायचं. येणारा मास्तर वाचून सही करतो. मग पहिला मास्तर घरी जातो, आणि स्टेशन त्याच्या डोक्यात घरी येत नाही. आपल्यात पाळी बदलायला दुसरा माणूस नसतो, म्हणून संध्याकाळचे आपणच उद्या सकाळच्या आपल्याला चार ओळी लिहून द्यायच्या. ऑफिस सुटताना हे करून बघा. रात्री जेवताना ऑफिसचा विचार मधूनमधून डोकावतो तो बहुधा याच चार ओळी मागत असतो.

एवढं सगळं करूनही रेल्वेची शाळा एका विषयात नापास आहे, आणि आपणही. तो विषय झोप.

ड्युटीवर येणाऱ्या लोको पायलटला लॉबीत सही करावी लागते आणि श्वास यंत्रात फुंकून दाखवावा लागतो. दारू घेतली असेल तर तिथेच पकडला जातो. झोप न झाल्याचं मोजणारं तसलं यंत्र लॉबीत नाही. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं होतं की 17 तास सलग जागा असलेला माणूस हात आणि नजर यांच्या मेळाच्या कामात रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो. भारतात रस्त्यावर वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा 0.03 टक्क्यांची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहा वाजता लॅपटॉप उघडणारा माणूस लक्षाच्या हिशेबाने दारू पिऊन बसलेला असतो, आणि तरीही तो स्वतःच्या निर्धाराला बोल लावतो.

लोको पायलटांच्या संघटना वर्षानुवर्षं आठवड्याला 46 तासांची सलग विश्रांती मागत आहेत, 16 तास मुख्यालयातल्या नेहमीच्या विश्रांतीचे आणि 30 साप्ताहिक सुट्टीचे. सिग्नल मोठ्याने बोलायला लावणारा नियम, कोरलेला गोळा, खोडलेल्या संख्यांचा कागद, हे सगळं जागं राहणाऱ्या माणसाच्या भरवशावर उभं आहे. ती मागणी रास्त आहे आणि ती मान्य व्हायला हवी.